भाडे: मिरीचा एक दाणा

गेल्या अंकात ओघात मी लिहून गेले होते, की माझ्याकडे मेंढीच्या कातड्यावर हाताने लिहिलेला १७९१ सालचा एक इंग्लिश दस्त आहे आणि त्यात वर्षाचं भाडं मिरीचा एक दाणा ठरलं आहे. त्या दोन ओळी वाचून अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत पत्रं आली. काहींनी असे दस्त स्वतः घेतले आहेत, काहींना घ्यायचे आहेत. माझी स्वतःची चाळीस वर्षं दापोलीच्या कोर्टात खरेदीखतं आणि गहाणखतं वाचण्यात गेली. त्याआधी वडील दस्तलेखक म्हणून कचेरीच्या ओट्यावर बसून तीच लिहायचे. त्यामुळे हा विषय मला घरचा वाटतो. या महिन्याचं सदर सगळं त्यालाच दिलं आहे.

ऑनलाइन लिलावात एक इंग्लिश दस्त घेतला. मोठं कातडं आहे, वरची कड नागमोडी कापलेली. इसवी सन दिसत नाही, नुसतं 'तिसऱ्या जॉर्ज राजाच्या कारकिर्दीचं तिसरं वर्ष, फेब्रुवारीचा दहावा दिवस' असं आहे. तो खरा असेल का? आणि खरा असेल तर इतका स्वस्त कसा? (अलिबाग)

आधी साल काढू. तिसरा जॉर्ज २५ ऑक्टोबर १७६० ला गादीवर आला. म्हणजे त्याचं तिसरं वर्ष ऑक्टोबर १७६२ ते ऑक्टोबर १७६३, आणि तुमचा दस्त १० फेब्रुवारी १७६३ चा. पानिपत होऊन दोन वर्षं झाली होती, पुण्यात थोरले माधवराव पेशवे होते. १७५२ नंतरच्या दस्तांना हा हिशोब सरळ लागतो. त्याआधी इंग्लंडात कायद्याचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून एखाद्या दस्तावर १० फेब्रुवारी १७४० लिहिलं असेल तर आपल्या हिशोबाने ते १७४१ धरायचं. आपल्या मोडी कागदांत मृगसाल असलं की साल जूनच्या सुरुवातीला बदलतं, तसंच हे. चार-सहा दस्त हाताखालून गेले की बोटं आपोआप मोजायला लागतात.

नागमोडी कड हेच त्या दस्ताचं नाव आहे. पूर्वी एकाच कातड्यावर तोच मजकूर दोनदा लिहायचे आणि मधल्या कोऱ्या जागेतून वेडीवाकडी सुरी चालवायचे. एक तुकडा देणाऱ्याकडे, एक घेणाऱ्याकडे. पुढे वाद निघाला तर दोन्ही कडा एकमेकींना लावून बघायच्या. जुळल्या तर दस्त खरा. या दातेरी कापण्यावरून 'इंडेंचर' हा शब्द आला. तुमच्या दस्ताच्या काळापर्यंत कडा जुळवण्याची गरज उरली नव्हती, पण कापायची रीत राहिली. एकाच पक्षाने लिहून दिलेल्या दस्ताची कड सरळ असे, त्याला 'डीड पोल' म्हणत. हाच इंडेंचर शब्द पुढे समुद्रापारच्या ऊसमळ्यांवर मजूर नेण्याच्या कराराला लागला. १८३४ पासून मॉरिशसला जी माणसं गेली, त्यांत आपल्या रत्नागिरीकडचीही कुटुंबं होती. त्या जुन्या कात्रणाची आठवण अशी आपल्या गावांपर्यंत येऊन पोहोचली आहे, हे मनात ठेवून तो शब्द वाचा.

आता खरेपणा. कातडं खिडकीतल्या उजेडासमोर धरा. एक बाजू किंचित पिवळसर दिसेल आणि तिच्यावर बारीक ठिपके असतील, ती केसांची बाजू. दुसरी पांढरट, मऊ. इंग्लंडात दस्ताला मेंढीचंच कातडं पसंत करायचे, त्याला कारण होतं. मेंढीच्या कातड्याच्या थरांमध्ये चरबी असते. अक्षर खरवडून बदलायला गेलं की थर सुटतात आणि डाग लपत नाही. मजकुरात विरामचिन्हं जवळजवळ नसतात, तीही याच भीतीने, कारण स्वल्पविराम हलवला तर अर्थ हलतो. शाई बघा. ती मायफळाची. बाळगुटीत आपण उगाळतो तेच मायफळ, त्यात हिराकस आणि डिंक. लिहिताना ही शाई फिकी असते, हवा लागली की काळी होते, पुढे कधी कधी तांबूस पडते. हंसाच्या पिसाची लेखणी बुडवली की अक्षर गडद, मग सहा-सात शब्दांत फिकं होत जातं, परत बुडवली की गडद. भिंगाखाली ही भरती-ओहोटी दिसली की माझी निम्मी शंका जाते. छापील नकलेत तिथे रंगाचे सारखे ठिपके दिसतात.

डाव्या कडेला निळ्या कागदाचा तुकडा आहे का? तो मुद्रांक. इंग्लंडात मुद्रांक शुल्क १६९४ मध्ये आलं. कातड्यावर ठसा नीट उठत नाही, म्हणून निळ्या कागदावर ठसा उठवून तो धातूच्या बारीक पट्टीने दस्तात अडकवायचे आणि पाठीमागे त्या पट्टीच्या टोकांवर राजाच्या अक्षरांचा छोटा पांढरा कागद चिकटवायचे. नक्कल करणारे पुढची बाजू सजवतात, पाठीमागचा पांढरा कागद विसरतात. लाखेच्या मोहरेवर मात्र फार भरवसा ठेवू नका. ती मूळचीच पडते आणि विकण्यापूर्वी कुणी नवी लावतो.

स्वस्त का, याचं उत्तर कायद्यात आहे. पूर्वी तिथे जमीन विकताना मागच्या साठ वर्षांची मालकी कागदांनिशी दाखवावी लागे. १८७४ मध्ये ती मुदत चाळीस वर्षं झाली, १९२५ च्या कायद्याने तीस, १९६९ मध्ये पंधरा. १९२५ नंतर सॉलिसिटरांच्या पेट्यांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेली कातडी एकदम निरुपयोगी ठरली. कितीतरी जळली, कितीतरी दिव्यांच्या छत्र्या करायला गेली, बाकीची बाजारात आली. बाजारात अजूनही पुष्कळ आहेत, म्हणून तुम्हाला परवडली. पुढे घ्याल तेव्हा माझं एवढं ऐका: एक देखणा दस्त घेण्यापेक्षा त्याच घराचे चार साधे दस्त एकत्र मिळत असतील तर ते घ्या.

मिरीचा दाणा भाडं म्हणून का घेतला असेल? जमीन फुकटच द्यायची तर दस्त कशाला? (केळशी)

जमीन फुकट दिली नव्हती, विकली होती. विकायला दोन कागद लागत आणि माझ्याकडे त्यातला पहिलाच आहे.

जुन्या इंग्लिश रीतीने जमीन द्यायची तर त्या जमिनीवर जाऊन, साक्षीदारांसमोर, मातीचं ढेकूळ किंवा झाडाची डहाळी घेणाऱ्याच्या हातात ठेवावी लागे. गावाला कळल्याशिवाय व्यवहार होत नसे. १५३६ मध्ये एक कायदा झाला, आणि त्याच्या आधाराने वकिलांनी घरबसल्या विक्री करण्याची वाट काढली. पहिल्या दिवशी मालकाने घेणाऱ्याला ती जमीन एका वर्षाच्या भाडेपट्ट्याने द्यायची. मोबदला पाच शिलिंग, आणि वर्षअखेर भाडं मिरीचा एक दाणा, तोही 'रीतसर मागितल्यास'. त्या कायद्यामुळे जमिनीवर पाऊल न ठेवताही भाडेकरू ताब्यात आहे असं मानलं जाई. दुसऱ्या दिवशी मालकाने दुसऱ्या कागदाने आपला उरलेला सगळा हक्क त्याच्या नावे सोडून द्यायचा. खरी किंमत या दुसऱ्या कागदात. पहिल्याला 'लीज', दुसऱ्याला 'रिलीज'. ही जोडी १८४१ पर्यंत चालली, मग कायद्यानेच पहिल्या कागदाची गरज काढून टाकली. मिरी कुणी मागायला जात नसे आणि कुणी द्यायलाही. करार पक्का व्हायला काहीतरी देणं-घेणं लिहिलेलं असावं, एवढ्यासाठी ती.

माझा दस्त माझ्या मामाने आणला. मामा बोटीवर होता. १९७४ साली लंडनला बोट लागली असताना पोर्टोबेलो रोडच्या शनिवारच्या बाजारात दोन पौंडांना त्याने तो घेतला, माझ्या वडिलांना दाखवायला. आमच्या पडवीत तो उलगडला तेव्हा मी बी.ए.ला होते. अर्धा दिवस खपून मी त्यातली नावं, पाच शिलिंग आणि मिरी एवढं लावलं. नॉरफोक परगण्यातलं गाव, देणारी एक विधवा, घेणारा 'मरीनर', म्हणजे मामासारखाच दर्यावर्दी. तारीख २४ मार्च. तिला लिहिता येत नव्हतं, तिच्या नावाच्या मधोमध फुली आहे आणि ती तिचीच निशाणी असल्याचं कारकुनाने लिहिलं आहे.

मामाला मिरीचं कौतुक. आमच्या आगरात प्रत्येक सुपारीवर मिरवेल चढलेली, तो उठून हिरवा घोस तोडून घेऊन आला. वडील मात्र गप्प होते. त्यांना इंग्लिश दस्तातलं काहीच ठाऊक नव्हतं, पण पंचवीस वर्षं दुसऱ्यांची खरेदीखतं लिहिलेली. ते म्हणाले, "पाच शिलिंगांत कोण घर देईल? भरणा या कागदात नाही. याचा दुसरा कागद कुठे आहे?"

लीज आणि रिलीजची रीत मला पुढे सात-आठ वर्षांनी पुस्तकात भेटली. वडिलांनी ती पडवीत बसून ओळखली होती. तेव्हापासून मी २५ मार्च १७९१ चा तो कागद शोधते आहे. लंडनजवळच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जची सूची आता घरी बसून चाळता येते, तीत परगण्यांच्या दप्तरखान्यांतलेही दस्त सापडतात. गावाचं नाव घालून वर्षातून दोन-तीनदा मी बघते. अजून मिळालेला नाही. दोन्ही कागद एकात एक घडी घालून शंभराहून अधिक वर्षं एकत्र राहिले असणार. कुणीतरी दोन गिऱ्हाइकांना दोन विकले. म्हणून वर अलिबागच्या वाचकांना मी चार साधे दस्त घ्या म्हटलं.

मी शाळेत इंग्लिश शिकवते. तरी दस्तातला एक शब्द धड लागत नाही. सुरुवात कुठून करू? (मालवण)

पाठीमागून करा. घडी घातल्यावर बाहेर येणाऱ्या भागावर कारकुनाने तारीख, पक्षांची नावं आणि दस्ताचा प्रकार थोडक्यात लिहिलेला असतो, बहुतेक वेळा मोकळ्या अक्षरात. तिथली नावं हातात आली की आत ती ओळखू येतात. पैसे पोहोचल्याची पावतीही बऱ्याचदा पाठीवरच असते.

मग ते इंग्लिश म्हणून वाचू नका, दस्त म्हणून वाचा. आपल्या खरेदीखतात 'लिहून घेणार' आणि 'लिहून देणार' आधी येतात, मग 'कारणे खरेदीखत लिहून देतो ऐसाजे', मग मिळकतीचं वर्णन, चतुःसीमा, भरणा, शेवटी साक्षी. तिथेही सांगाडा हाच. 'धिस इंडेंचर' हे शब्द सर्वांत मोठे, काळेभोर. 'बिटवीन'नंतर पक्ष, 'विटनेसेथ' म्हणजे आपलं ऐसाजे, 'टू हॅव अँड टू होल्ड'पासून हक्क किती आणि कुणाकुणाला, 'इन विटनेस वेअरऑफ' आलं की शेवट. ओळींचा गोंधळ वाटतो तेव्हा हे खांब आधी शोधून पेन्सिलीने वेगळ्या कागदावर टिपायचे आणि मग मधली जागा भरायची. शब्दाच्या मधला एस लांब असतो, एफसारखा दिसतो. पहिले आठ दिवस तो फसवतो. 'मेसुएज' म्हणजे परसदार आणि गोठ्यासह घर. घर, जमीन, वाटा, पाणी, कुंपणं, झाडं यांची चार ओळींची माळ येईल, तिला घाबरू नका. 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह' हे आपण मराठीत लिहितोच की. मी पहिल्यांदा ती माळ सबंध लावली तेव्हा वडिलांना वाचून दाखवली, आणि त्यांनी आपली माळ म्हणून दाखवली. दोन्हीत पाणी आणि झाडं होती.

एक वही करा आणि त्या एका कारकुनाचं प्रत्येक अक्षर जसं आहे तसं काढून ठेवा. दर दस्ताला वेगळं पान. आणि १७३३ च्या आधीचा, तुकड्यासारखा अरुंद, लॅटिनमधला कोर्टाचा कागद मिळाला तर तो पहिला घेऊ नका. तोवर कोर्टाचं दप्तर लॅटिनमध्ये असे, मधली १६५१ ते १६६० ही वर्षं सोडून.

निशाणीकडे लक्ष ठेवा एवढं खास सांगते. आपल्याकडे कुणब्याची निशाणी नांगर, बाईची बांगडी. त्यांच्याकडे बहुधा फुली, पण काहींनी फुलीऐवजी आपल्या कामातलं काही काढलेलं दिसतं. शंभर ओळी कारकुनाच्या, तेवढी एक खूण त्या माणसाच्या हातची.

आमच्याकडे दोन दस्त आहेत. पावसाळ्यात त्यांना लाटा येतात, कडा वळतात. इस्त्री चालेल का? (गुहागर)

नाही. कृपा करून नको. हे मी केलेलं आहे, म्हणून सांगते. १९८७ च्या श्रावणात एका दस्ताची घडी बसत नव्हती, मी वर मलमलचा कपडा घालून कोमट इस्त्री फिरवली. ओलसर कातड्याला ऊब लागली आणि तव्यावरच्या पापडासारखा कोपरा आखडला. पारदर्शक, पिवळा, नखासारखा कडक झाला. त्या कोपऱ्यात साक्षीदाराचं नाव होतं. ते आता वाचता येत नाही आणि त्या दस्ताची दुसरी प्रत माझ्या माहितीत नाही.

कातडं हे कातडंच असतं, ते हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं. आपल्याकडे जुलैत घरातलं मीठ पाझरतं, तिथे त्याचा काय दोष? लाटा आल्या तर येऊ द्या. जास्तीत जास्त ओलावा आणि कमीत कमी ओलावा यांतलं अंतर कमी करणं, एवढंच आपल्या हातात आहे. चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला लागून कपाट ठेवू नका, चिरा पाणी धरतो. माळ्यावरही नको, मे महिन्यात कौलांखाली भट्टी असते. घराच्या मधल्या खोलीत, आतल्या भिंतीशी, जमिनीपासून हातभर उंच. मी आगोटीची कामं करते त्याच आठवड्यात दस्त बाहेर काढते, कोरड्या दिवशी सकाळी, सावलीत, तासभर. मग मांजरपाटात बांधून ठेवते. कापड नवं असेल तर दोनदा धुऊन खळ काढून टाका, खळीला कसर लागते. पेशवे दप्तरातल्या कागदांचे 'रुमाल' बांधलेले असतात, त्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. कापड श्वास घेतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडतो आणि बुरशी धरते. बांधलेले दस्त पत्र्याच्या पेटीत, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, दस्ताला न चिकटतील अशा. रंगाच्या खड्यांचा रंग बदलला की कढईत मंद तापवून परत भरायच्या. कापूर, डांबरगोळ्या नकोत. लॅमिनेशन, सेलोटेप, फेव्हिकॉल यांचं नावही काढू नका.

घडीतच राहिलेला दस्त घडीतच राहू द्या. वाचायचा तेव्हा हळूहळू उघडायचा, कोपऱ्यांवर कापडात बांधलेली वाळूची छोटी पुरचुंडी ठेवायची, फोटो काढून घ्यायचे आणि पुढचं वाचन फोटोवरून करायचं. निळ्या मुद्रांकाची धातूची पट्टी बघत जा. खारं वारं तिला खातं, आणि गंजाचा डाग कातड्यात उतरतो. त्या जागी आम्लविरहित कागदाचा तुकडा घालून ठेवा, पट्टी मात्र उपटू नका.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमची अर्धी कौलं गेली. मधल्या खोलीतही पाणी आलं. पत्र्याच्या पेटीतला वरचा एकच रुमाल भिजला, त्यात तीन दस्त. वीज नव्हती, पंखा नव्हता. कोऱ्या टीपकागदांच्या मध्ये ते ठेवले, तासातासाला कागद बदलले, कडांवर हलकी वजनं ठेवली. चार दिवस लागले. मायफळाची शाई कातड्यात मुरलेली असते, ती फुटली नाही. शेजारच्या घरातले मोडी कागद मात्र काजळाच्या शाईचे होते. पाणी लागलं तिथे अक्षरं वाहून गेली.

जुलै २०२१ च्या पुरात आमचा दस्त गाळात गेला. वाळवून ठेवला, आता तो लाकडासारखा कडक आणि चुरगळलेला आहे. उघडू का? (चिपळूण)

उघडू नका, पाणीही लावू नका. वाळलेला गाळ आत असेल तर उघडताना तो अक्षरांवर घासला जाईल. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात वस्तूंच्या जतनाचं केंद्र आहे, तिथे आधी फोटो पाठवून विचारा. इतकी वर्षं तो तसाच राहिला, आणखी सहा महिने राहील. तुमच्या घराचं त्या दिवसांत काय झालं असेल ते मी वर्तमानपत्रांत वाचलं होतं. त्यातून हा दस्त तुम्ही शोधून काढलात, याचं मला फार वाटलं.

आपल्या किनाऱ्याशी संबंध असलेले असे इंग्लिश दस्त मिळतात का? एक विक्रेता 'ईस्ट इंडिया कंपनी' म्हणून तिप्पट किंमत सांगतो. (रत्नागिरी)

त्याला आधी पूर्ण मजकुराचे फोटो मागा आणि कंपनीचं नाव कुठल्या ओळीत आहे ते विचारा. पुष्कळदा एखादा साक्षीदार किंवा वारस कंपनीच्या नोकरीत असतो, बाकी दस्त तिकडच्याच एखाद्या शेताचा. तोही घेण्यासारखा असू शकतो, पण शेताच्या किमतीला.

संबंध म्हणाल तर सर्वांत मोठा दस्त दप्तरखान्यात आहे, बाजारात नाही. १६६१ च्या विवाहकरारात मुंबई पोर्तुगालकडून इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सकडे आली. २७ मार्च १६६८ च्या सनदेने त्याने ती कंपनीला दिली. भाडं वर्षाला १० पौंड, सोन्यात, ३० सप्टेंबरला द्यायचं. आणि कायद्याच्या भाषेत मुंबई बेट कशाचा भाग म्हणून धरलेलं? इंग्लंडातल्या ईस्ट ग्रिनिचच्या जहागिरीचा. माझ्या नॉरफोकच्या शेतजमिनीच्या भाषेतच एवढं बेट बसवलं होतं, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. तसंच बाणकोट. १७५६ मध्ये पेशव्यांशी तह होऊन ते इंग्रजांना मिळालं आणि विजयदुर्ग मराठ्यांकडे आला. दापोलीहून मी बाणकोटच्या किल्ल्यावर अनेकदा गेले आहे. त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं होतं.

बाहेरून दस्त मागवणं कायद्यात बसतं का? आणि पुढे परत परदेशी विकता येईल? (देवगड)

साधे मालकीचे दस्त उघडपणे विकले जातात. तिथल्या जहागिरींच्या न्यायसभांच्या नोंदी, ज्यांना मॅनोरियल कागद म्हणतात, त्या मात्र कायद्याने संरक्षित आहेत, परवानगीशिवाय त्या इंग्लंड आणि वेल्सबाहेर काढता येत नाहीत. तशा नोंदी कुणी विकत असेल तर हात लावू नका. आपल्या बाजूने १९७२ चा पुरावशेष कायदा आहे. पंचाहत्तर वर्षांहून जुने, ऐतिहासिक मोल असलेले हस्तलिखित कागद त्यात येतात आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाहीत. एकदा आणलेला दस्त परत धाडायचा विचार असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडून लेखी घ्या. विकण्याच्या हिशोबाने हा छंद धरू नका, एवढं माझं मत.

आजी, मी कॉलेजात आहे. तुमचं वाचून मलाही एक इंग्लिश दस्त घ्यावासा वाटतो. पैसे साठवले आहेत. पण आमच्या घरात माळ्यावर एका संदुकीत मोडी कागदांची गाठोडी आहेत. बाबा म्हणतात, खोती गेली, आता त्यांचा काय उपयोग, होळीत टाकू. दादा म्हणतो, एकेक करून ऑनलाइन विकू. मी काय करू? (वेंगुर्ला)

तुझं पत्र मी चारदा वाचलं. पैसे तसेच ठेव आणि आज संध्याकाळी बाबांशी बोल.

बाबा म्हणतात ते खरंच आहे. १९४९ च्या कायद्याने खोती गेली आणि ते कागद कचेरीच्या उपयोगातून उठले. पण इंग्लंडात १९२५ नंतर असंच झालं होतं. तिथल्या सॉलिसिटरांनीही हेच म्हटलं, 'आता यांचा काय उपयोग', आणि माझ्या विधवेचा दुसरा कागद त्यात कुठेतरी गेला. तुमच्या गाठोड्यात कुणाच्या नांगराची, कुणाच्या बांगडीची निशाणी असेल. त्या माणसांची पणतवंडं तुमच्याच वाडीत राहत असतील, आणि आपल्या पणजीचं नाव कुठे लिहिलेलं आहे हे त्यांना माहीतही नसेल. जमिनीचा एखादा जुना वाद निघाला तर त्यातला कागद अजूनही कोर्टात बोलू शकतो, हे मी वकील म्हणून सांगते. बाबांना हे कारण लवकर पटेल.

दादाला सांग, एकेक करून विकलेला कागद मुका होतो. कबुलायत एकीकडे, तिचा हिशोब दुसरीकडे, मग दोन्हींतून काही कळत नाही. द्यायचेच झाले तर सबंध गाठोडं एका जागी द्या. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हेच काम करतं आहे. राज्याच्या पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग असतात, त्यांची चौकशी कर. मोडी दोन-तीन महिन्यांत वाचता येते, तुझ्या वयात तर लवकरच.

तोवर एवढं कर. संदूक माळ्यावरून खाली आण, वाळवीची माती दिसते का बघ. गाठोडी उन्हात टाकू नकोस. एका वेळी एकच उघड, आणि वरून जो कागद पहिला निघेल त्याला मऊ पेन्सिलीने मागच्या कोपऱ्यात १ लिही, पुढच्याला २. क्रम बदलू नकोस, ज्याने ते बांधले त्याला तो क्रम का ठेवला हे माहीत होतं. प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढ. आणि गाठ सोडण्यापूर्वी गाठीचाही फोटो काढ, कापडावर काही लिहिलेलं असेल तर त्याचाही. पहिल्या तीन कागदांचे फोटो मला पाठव, आपण दोघी मिळून वाचू.